आधी जागा, मग वाक्य

पुणे, शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गौरवग्रंथाच्या संपादकांची आणि वाचकांची प्रथम क्षमा मागतो. हा लेख पावसाळ्यापूर्वी द्यायचा होता. स्मरणपत्रे आली, फोन आले, आणि मी गप्प राहिलो. कामाचा व्याप हे कारण एकदा देऊन पाहिले. ते अर्धेच खरे होते. खरे कारण असे की लिहायला बसलो की वाक्ये आपोआप भूतकाळात जात. 'बाई शिकवत असत', 'बाई म्हणत'. पान भरले की आपण श्रद्धांजली लिहून बसलो आहोत असे वाटे, आणि बाई तर वाघोलीला पुतण्याच्या घरी खिडकीशी बसलेल्या आहेत. मी रोजनिशी लिहिणारा माणूस आहे. रोजनिशीत कोण काय बोलले एवढे टिपले की काम संपते. गौरवलेखात माणसाचा अर्थ लावावा लागतो. तो लावायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तरीही लिहितो, कारण गप्प राहण्यानेही एक अर्थ लागतोच, आणि तो अधिक चुकीचा असेल.

ज्यांचा बाईंशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डॉ. करुणा अमोलिक यांनी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केले. आरंभीच्या ख्रिस्ती कथांमधली भाषा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या कथांत कोण कोणाशी बोलतो, कोणाला बोलू दिले जाते, कोणाचे बोलणे दुसराच सांगतो, आणि माणसाच्या समाजातल्या जागेमुळे त्याच्या तोंडचे वाक्य कसे बदलते, याचा शोध त्या आयुष्यभर घेत आल्या. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर ग्रीक शिकल्या. येत्या जानेवारीत त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

माझी त्यांची पहिली गाठ वर्गात पडली. मी मांजरी गावाहून बसने यायचो आणि शक्यतो तोंड उघडायचो नाही. तोंड उघडले की मांजरीची बोली बाहेर यायची. त्या दिवशी बाई एक प्रसंग सांगत होत्या. गुरूला पकडून नेले आहे, वाड्याच्या अंगणात नोकरचाकर शेकोटी करून बसले आहेत, आणि त्यांच्यात एक शिष्य ओळख लपवून ऊब घेतो आहे. तो 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हणतो, आणि तिथली माणसे म्हणतात की तुझ्या बोलण्यावरूनच कळते तू कुठला ते. बाईंनी वर्गाला विचारले, "त्याच्या बोलण्यात असं काय असेल, की लगेच ओळखू आलं?"

मग मागच्या बाकावरून एक जण माझ्याकडे बघत म्हणाला, "'आहे'ला 'हाय' म्हणाला असंल, मॅडम."

वर्ग हसला. मी वहीत डोके घातले. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. असंच काहीतरी म्हणाला असेल. आता दुसरा प्रश्न. ते ऐकून शेकोटीपाशी हसलं कोण असेल? मालक तर आत आहेत. अंगणात सगळे नोकरच आहेत."

तास संपल्यावर त्या माझ्या बाकापाशी आल्या. "आपलं नाव?"

"ओव्हाळ."

"ओव्हाळ, आपण गुरुवारी संध्याकाळी मोकळे असता का?"

मी मागे वळून पाहिले. मला तोवर कोणीही 'आपण' म्हटलेले नव्हते. त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असाव्यात असे वाटले. पुढे कळले की बाई सर्वच विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणतात. तेव्हा थोडी निराशाही झाली, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

गुरुवारचे वाचन सदाशिव पेठेत होई. बाईंचे सहकारी प्रा. मराठे यांची तिथे पहिल्या मजल्यावर एक खोली होती आणि खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास. क्लास सुटला की आम्ही खालच्या खुर्च्या वर न्यायच्या आणि वाचन संपले की परत ठेवायच्या. बाईंच्या कामाची पद्धत तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. एखाद्या कथेचे भाषांतर करायचे तर त्या आधी शब्दाला हात लावत नसत. आधी माणसांच्या जागा लावत. कोण बसले आहे, कोण उभे आहे, कोण गुडघ्यावर आहे, कोण दाराबाहेर आहे. खुर्च्या तशा मांडायच्या आणि आम्हाला तिथे उभे करायचे. जो माणूस आयुष्यात जिथे सहसा उभा राहत नाही तिथे त्याला मुद्दाम पाठवायचे. जागा पक्क्या झाल्या की मग विचारायचे, "आता बोला. इथून काय बोलवतं?"

एका गुरुवारी त्यांनी मराठेसरांना दासी केले. रात्री दारावर थाप पडते, घरातली दासी दाराशी जाते, ती कथा. बाई म्हणाल्या, "मराठे, आपण दारात."

मराठेसर म्हणाले, "अहो, मी सदाशिव पेठेतला. दारातूनच बोलायची सवय आहे. आत घेतो कोण?"

"म्हणून तर आपल्याला दिलं," बाई म्हणाल्या. "फक्त आज दार आपलं नाही. उघडलंत तर मालक विचारील, का उघडलं. नाही उघडलंत तरी विचारील."

मराठेसर दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि थांबले. एरवी ज्यांच्या तोंडून प्रत्येक गोष्टीला तिरकस उत्तर येते ते सर कडीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, इथून वाक्यच फुटत नाहीये." बाईंनी कागदावर तेवढे टिपले.

बाईंचे शोधनिबंध पुष्कळ आहेत; त्यांची चर्चा या ग्रंथात जाणकार करतीलच. मला समजलेली त्यांची एक गोष्ट सांगतो. त्या म्हणत की या कथांमध्ये गरजू माणूस सहसा 'मला बरे कर' असे सरळ म्हणत नाही. तो म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू करू शकतोस. हे भक्तीचे वाक्य आहेच, पण त्याआधी ते खालच्या पायरीवरून वर पाहत बोललेले वाक्य आहे. ज्याला नकाराची सवय आहे तो मागणी आडून करतो आणि नकाराची जागा आधीच मोकळी ठेवतो. हे ऐकले त्या दिवशी मला माझे वडील आठवले. ते उसाच्या मळ्यांवर मजुरी करत. उचल हवी असली की मुकादमासमोर उभे राहून म्हणत, "मनात आणलं तर आपल्याकून व्हईल, साहेब." घरी ते असे कधीच बोलत नसत. घरी त्यांची वाक्ये लहान आणि ठाम असत. तोच माणूस, तीच जीभ. मुकादमाच्या ओट्याखाली उभा राहिला की वाक्य लांबत जाई. मी बाईंना हे सांगितले. त्यांनी वडिलांचे ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या भाषांतरात हे वापरू का? वडिलांना विचारून सांगा."

वडिलांना विचारायचे म्हणजे काय विचारायचे, हेच मला उमगेना. शेवटी विचारले. ते म्हणाले, "आपलं बोलणं पुस्तकात? लोकं हसत्याल." मग थोड्या वेळाने, "घाल म्हण." ते वाक्य बाईंच्या भाषांतरात आहे.

दुसरी एक कथा त्यांना फार जवळची. वर्षानुवर्षे आजारी असलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन गुरूच्या वस्त्राला हात लावते. ती जे बोलते ते मनातल्या मनात. पुढे सर्वांदेखत सगळे खरे सांगायची वेळ येते तेव्हा ती सगळे सांगते, पण कथा सांगणारा तिचे शब्द देत नाही; सांगितले, एवढेच म्हणतो. बाई म्हणत, "मनातलं वाक्य दिलं आणि तोंडातलं गाळलं. का, ते मला माहीत नाही. पण गाळलंय, हे दिसायला हवं. तिथे मी माझ्या पदरचं काही भरणार नाही." त्यांच्या ख्रिस्ती समाजातल्या काही वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही, पवित्र कथांची अशी चिरफाड कशाला, असे त्यांना वाटे. उलट महाविद्यालयातले काही जण विचारत, मराठी विभागात हे चर्चचे काय चालले आहे. बाई दोघांनाही चहा देत आणि दोघांचेही म्हणणे बदलत नसे.

बाईंच्या चांगुलपणाचे प्रसंग सांगायचे तर पुष्कळ आहेत, पण नुसते चांगुलपणाचे सांगितले तर त्यांना आवडणार नाही. म्हणून हा सांगतो. माझी शिष्यवृत्ती अडकली होती. वडील चौकशीला महाविद्यालयात आले आणि शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. बाई उठल्या, स्वतःची खुर्ची ओढून त्यांना म्हणाल्या, "बसा." वडील बसले नाहीत. बाई उभ्या असताना ते कसे बसणार? आणि ते बसल्याशिवाय बाई बसायला तयार नाहीत. सगळे बोलणे दोघांनी उभ्यानेच केले, मध्ये रिकामी खुर्ची. शिष्यवृत्तीचे काम बाईंनी करून दिले. परतताना बसमध्ये वडील म्हणाले, "बाई लई चांगली हाय. पण पाय दुखलं बघ."

मी हे बाईंना गंमत म्हणून सांगितले. त्यांना गंमत वाटली नाही. "म्हणजे माझ्या तत्त्वासाठी मी त्यांना उभं ठेवलं," त्या म्हणाल्या. "मी मुकाट्यानं बसले असते तर तेही बसले असते. सवड मिळाली की घरी या म्हणावं." वडील गेले नाहीत. बाईच एकदा मांजरीला आल्या, आमच्या घरी आल्या आल्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता आपण पण बसा." त्या दिवशी वडील बसले.

यापुढचा भाग लिहिणे अवघड आहे.

गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. सगळे गेले नाहीत. 'हो', 'नको', 'चहा', माणसांची काही नावे, आणि कधी अचानक लहानपणच्या गीताची अख्खी ओळ न अडखळता येते, आणि मग पुन्हा काही नाही. डॉक्टर म्हणतात, समजते बरेच, सांगता येत नाही. एकट्याने राहणे शक्य नव्हते, म्हणून पुतण्या विनय यांनी त्यांना वाघोलीला नेले. विनय यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. नोकरी सांभाळून ते बाईंचे सगळे करतात, आणि आम्ही शिष्य मंडळी महिन्याकाठी फळे घेऊन जातो. पण वाघोली लांब आहे, रस्ता सतत खणलेला असतो, आणि जाऊन करायचे काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवत नाही. गुरुवारची मंडळी कमी झाली. मीही कमी झालो.

गेल्यावर जे दिसते ते असे. येणारा प्रत्येक जण विनय यांच्याशी बोलतो. झोपतात का, जेवतात का, ओळखतात का. बाई तिथेच असतात. त्यांच्याबद्दलचे सगळे बोलणे त्यांच्या डोक्यावरून जाते. कथांमध्ये कोणाला वाक्य मिळत नाही हे ज्यांनी आयुष्यभर टिपले त्यांच्या वाट्याला आता हे आले आहे. कोणी दुष्टपणाने करत नाही. लोक हळू आवाजात, काळजीने करतात, आणि त्यामुळे थांबवताही येत नाही.

त्यांचे कथांचे भाषांतर झटक्याआधी पूर्ण होत आले होते. एकच कथा राहिली, त्या दाराशी गेलेल्या दासीची. थाप ऐकून ती दाराशी जाते, बाहेरच्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते, आणि आतले लोक म्हणतात, तुला वेड लागले आहे. बाईंचे भाषांतर इथे थांबले आहे. पंचाहत्तरीच्या समारंभात गौरवग्रंथाबरोबर हेही पुस्तक निघावे असे समितीने ठरवले, आणि राहिलेली कथा मी पूर्ण करावी असे मराठेसरांनी सुचवले. बाईंची पद्धत मला ठाऊक आहे, टिपणे माझ्याजवळ आहेत, काही ओळींचे तर काम आहे. मला ते मानाचे वाटले, हे लपवत नाही.

याचसाठी आम्ही वाघोलीला गेलो. मराठेसर, मी आणि विनय. बाहेरच्या खोलीत बसलो. सोफ्यावर आम्ही तिघे. बाईंची चाकाची खुर्ची आतल्या खोलीच्या दारापाशी, कारण तिथून ती हलवायला सोपी जाते. कागद किती, मुखपृष्ठ कसे, प्रस्तावना कोणाची, 'उर्वरित कथेचे भाषांतर' या ओळीखाली माझे नाव कुठे यावे, हे सगळे आम्ही ठरवले. चहा झाला. मराठेसर विनय यांना म्हणाले, "बाईंची काही हरकत नसेल ना?"

विनय म्हणाले, "छे हो. आत्याला आनंदच होईल."

तेव्हा बाईंनी डावा हात उचलला. विनय लगेच उठले, "आत्या, पाणी देऊ?" बाईंनी मान हलवली. त्यांनी मराठेसरांकडे बोट केले आणि मग बाहेरच्या दाराकडे.

"माझी जायची वेळ झाली म्हणतात," मराठेसर म्हणाले. नेहमीचा स्वर.

बाईंनी पुन्हा तेच केले. सर, दार. मग माझ्याकडे बोट, आणि भिंतीकडे. विनय यांच्याकडे बोट, आणि जमिनीकडे. शेवटी स्वतःच्या खुर्चीकडे बोट करून त्यांनी हात सोफ्यासमोरच्या मोकळ्या जागेकडे नेला, खोलीच्या मधोमध. हात हळू चालत होता, पण क्रम चुकत नव्हता.

ते कळायला आम्हाला वेळ लागला, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. इतकी वर्षे आम्ही हेच शिकलो होतो. दुसऱ्या कोणाच्या घरी असे घडले असते तर गुरुवारी आम्ही त्यावर तासभर बोललो असतो. ज्यांनी आम्हाला जागा पाहायला शिकवले त्यांनाच दाराशी ठेवून आम्ही त्यांच्या पुस्तकाचे ठरवत होतो.

मराठेसर उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी भिंतीशी. विनय यांना हा काय प्रकार आहे ते माहीत नव्हते, पण ते खाली बसले. मी बाईंची खुर्ची मधोमध आणली. सर दारातून म्हणाले, आणि या वेळी आवाजात तिरकसपणा नव्हता, "बाई, आपल्याला विचारायचं राहिलं. राहिलेली कथा ओव्हाळांनी पुरी करावी का?"

विनय काही बोलू लागले. बाईंनी तळवा दाखवून त्यांना थांबवले. मग आम्ही थांबलो. शब्द येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कष्ट दिसतात ते पाहवत नाहीत, पण पाहिलेच पाहिजेत.

"नको," बाई म्हणाल्या.

"मग पुस्तक छापायचंच नाही का?"

"छापा."

"अपुरं?"

"अपुरं."

विनय खालूनच हळू म्हणाले, "सर, रागावू नका, पण आत्या बऱ्याचदा शेवटचा शब्द परत म्हणते. चहा की दूध विचारलं तर दूध, दूध की चहा विचारलं तर चहा. डॉक्टरांनी पण सांगितलंय, असं होतं."

हे खरे होते. मीही पाहिले होते. बाई विनय यांच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. मी भिंतीपासून न हलता विचारले, "बाई, आहे तसं छापायचं, की पुरं करून?" विनय यांच्या नियमाने उत्तर 'पुरं करून' यायला हवे होते.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग विनय यांच्याकडे. मला वाटले, आम्ही त्यांची परीक्षा घेतो आहोत, आणि ते त्यांना कळते आहे. मग त्या म्हणाल्या, "पुरं नको. माझं... एवढंच." आणि डोळे मिटले. विनय उठून त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी, आत्या," ते म्हणाले.

हे सगळे सरळ आहे असे वाचकांना वाटेल. पुढचे तसे नाही. समितीच्या बैठकीत आम्ही हे सांगितले. काहींनी मानले, काहींनी मानले नाही. आजारी माणसाच्या तुटक शब्दांवर एवढा मोठा निर्णय कसा घ्यायचा, असे एकाने विचारले, आणि तो प्रश्न वावगा नव्हता. दुसरी अडचण मराठेसरांनीच सांगितली. "निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात. त्यावर 'संपूर्ण भाषांतर' असं आहे. आपल्याकडे कार्डावर छापलेला शब्द माणसाच्या तोंडच्या शब्दापेक्षा नेहमीच खरा ठरतो." निर्णय अजून झालेला नाही. मी ती कथा पूर्ण करणार नाही असे कळवले आहे. दुसरे कोणी करील. काही ओळींचे तर काम आहे. तसे झाले तर बाईंच्या नावाच्या पुस्तकात त्यांनी नको म्हटलेली वाक्ये असतील, आणि त्यांना ते थांबवता येणार नाही.

माझी खात्री किती आहे, हेही मी स्वतःला विचारतो. त्यांना 'नको' म्हणायचे होते, की मला ते ऐकायचे होते? मानाच्या कामातून सुटण्याची वाट मला हवी होती का? त्यांच्यासारखे लिहिणे मला जमणार नाही ही भीती होतीच. 'पुरं नको' हे शब्द मी रोजनिशीत घरी आल्या आल्या लिहिले आहेत, पण लिहिले म्हणजे समजले असे नाही. इतकेच म्हणू शकतो की विचारले तेव्हा त्या बोलल्या, आणि तोवर आम्ही विचारले नव्हते.

काल हा लेख इथपर्यंत लिहून मराठेसरांना फोनवर वाचून दाखवला. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, हेच मला जड गेले. संपल्यावर म्हणाले, "ओव्हाळ, गौरवग्रंथ आहे हा. पंचनामा नव्हे."

"मग तो भाग काढू?"

"मी काढा म्हटलं नाही. छापायला मी भांडेन. मला दासी केल्याचं पण राहू द्या, लोकांना तेवढीच करमणूक." मग म्हणाले, "एक सांगा. बाईंचा गेलेला हात, शब्दाचे कष्ट, त्यांचं दाराशी बसणं, हे सगळं चार लोकांत मांडताय. त्यांना विचारलंत?"

मी हातातली पाने उलटत राहिलो.

"वाटलंच," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता शुभेच्छांकडे येतो. बाईंना दीर्घायुष्य लाभो असे लिहिताना हात थोडा अडतो, कारण त्यांचा आताचा एकेक दिवस किती जड असतो ते पाहिले आहे, आणि तसे दिवस वाढावेत असे मागणारे आपण कोण, असे वाटते. तरी मागतो. त्यांच्या डाव्या हाताला बळ राहो. त्यांच्याजवळ जे थोडे शब्द उरले आहेत त्यांत एखाद्याची भर पडो, आणि आहेत ते कोणी हिरावून न घेवो. विनय यांच्या घराला धीर मिळो. आम्हा सर्वांना वाघोलीचा रस्ता लांब न वाटो. आणि जितकी वर्षे त्यांना मिळतील तितकी वर्षे, चहा हवा का यापासून पुस्तक कसे हवे इथपर्यंत, आधी त्यांना विचारले जावो आणि उत्तर येईपर्यंत थांबले जावो.

उद्याचे काम: वाघोलीला जाऊन हा लेख बाईंना सगळा वाचून दाखवणे, त्या नको म्हणाल्या तर पाठवायचा नाही.